आमच्याकडून लाईन ओके आहे

रॉब टोपोलस्की यांना बार्बरशॉप गाण्यांचा नाद होता. चौघांनी मिळून, एकही वाद्य न घेता, आवाजात आवाज गुंफत गायची ही जुनी अमेरिकी तऱ्हा. ओरेगॉन राज्यात राहणारे हे गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभीची अशी ध्वनिमुद्रणं जमवत आणि इंटरनेटवरून इतर शौकिनांना देत. देण्याची रीत ‘पीअर टू पीअर’, म्हणजे मध्ये मोठा सर्व्हर नाही. एका घरच्या संगणकावरून थेट दुसऱ्या घरच्या संगणकावर. २००७ च्या सुरुवातीला त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडून कुणालाच काही पोचत नाही. उतरवून घ्यायला अडचण नव्हती. ईमेल, वेबसाइट, सगळं सुरळीत. द्यायला गेलं की मात्र जोडणी जुळे आणि लगेच तुटे.

त्यांना इंटरनेट पुरवणारी कंपनी होती कॉमकास्ट, अमेरिकेतली सर्वांत मोठी केबल कंपनी. एखाद्या सर्वसाधारण ग्राहकानं फोन केला असता, तर पलीकडच्या माणसानं मोडेमची सिग्नल-पातळी पाहिली असती, ती ठीक आढळली असती आणि ‘तुमचा संगणक तपासून घ्या’ असं सांगून तक्रार बंद झाली असती. त्यात खोटंही काही नव्हतं. लाईन खरोखर ठीक होती. टोपोलस्की यांचा पेशा मात्र सॉफ्टवेअर तपासण्याचा. येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट टिपून ठेवणारा, फुकट मिळणारा एक प्रोग्राम त्यांनी चालू केला आणि नोंदी चाळत बसले.

नोंदींत जे दिसलं ते विचित्र होतं. इंटरनेटवर दोन संगणक बोलू लागले की त्यांच्यातलं संभाषण टीसीपी नावाच्या नियमावलीनं चालतं. त्या नियमावलीत ‘रीसेट’ नावाचं एक पॅकेट आहे. ते आलं की संभाषण तिथल्या तिथे संपवायचं. इथे दोन्ही टोकांना रीसेट पोचत होतं आणि दोन्ही टोकांपैकी कुणीच ते पाठवत नव्हतं. दोघं फोनवर बोलत असताना तिसऱ्यानंच मध्ये घुसावं, आधी एकाच्या आवाजात दुसऱ्याला ‘ठेवतो’ म्हणावं आणि मग दुसऱ्याच्या आवाजात पहिल्याला, तसला हा प्रकार. २००७ च्या मे महिन्यात टोपोलस्की यांनी ही निरीक्षणं जाहीर मांडली. इतर ग्राहकांनी आपापल्या घरी तपासून पाहिलं. चित्र तेच.

कॉमकास्टनं सांगितलं, आम्ही कुठलंही अॅप अडवत नाही.

हे उत्तर ऑक्टोबरपर्यंत टिकलं. १९ ऑक्टोबर २००७ रोजी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं स्वतः केलेल्या चाचणीची बातमी दिली. चाचणीसाठी त्यांनी निवडलेली फाइल होती बायबलची, किंग जेम्स आवृत्तीची. निवड मोठी चतुर होती. ‘हे लोक चोरीचे सिनेमे वाटतात’ असं म्हणायला जागाच ठेवली नाही. तीन प्रयत्नांपैकी दोनदा फाइल गेलीच नाही. तिसऱ्यांदा दहा मिनिटं खोळंबून मग निघाली. डिजिटल हक्कांसाठी झगडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्राँटिअर फाउंडेशननंही आपल्या चाचण्यांतून हाच निष्कर्ष काढला. आता कंपनीची भाषा बदलली. अडवत नाही, काही वेळा फक्त ‘उशीर’ करतो, आणि तोही सगळ्या ग्राहकांच्या भल्यासाठी. पुढे प्रकरण फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाकडे गेलं. फेब्रुवारी २००८ मध्ये हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात जाहीर सुनावणी झाली, तेव्हा सभागृहातल्या कित्येक खुर्च्यांवर जागा धरून ठेवण्यासाठी भाड्यानं आणलेली माणसं बसलेली होती. जागा धरायला पैसे दिल्याचं कंपनीनं नंतर मान्य केलं. प्रतिवादाची ही तऱ्हा कुठल्याही सेवा-पुस्तिकेत सापडणार नाही.

पण कंपनीची एक बाजू होती आणि ती पोकळ नव्हती. केबलचं जाळं मुळात टीव्ही दाखवण्यासाठी विणलेलं. सगळा माल वरून खाली, घराकडे यायचा. घरातून वर जाणाऱ्या माहितीसाठी त्या तारेत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच चिंचोळी पट्टी राखलेली होती आणि ती गल्लीतल्या शेकडो घरांनी वाटून घ्यायची. त्यातली पाच-सहा घरं रात्रंदिवस वर फाइली ढकलू लागली, की उरलेल्यांची साधी ईमेलही रखडायची. दुखणं खरं होतं. उपाय मात्र लपूनछपून केलेला, आणि विचारल्यावर नाकारलेला.

१ ऑगस्ट २००८ रोजी नियामकानं तीन विरुद्ध दोन मतांनी कॉमकास्टला दोषी धरलं. एप्रिल २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं तो आदेशच रद्द केला. कारण असं, की या बाबतीत हुकूम द्यायचा अधिकारच नियामकाला कायद्यानं दिलेला नाही. म्हणजे कायद्याच्या लढाईत अखेर कंपनी जिंकली. तरीही तोवर तिनं रीसेट पाठवणं सोडून दिलेलं होतं. २००८ संपायच्या आत नवी पद्धत लागू झाली आणि २०१० च्या डिसेंबरात कंपनीच्या अभियंत्यांनी ती ‘आरएफसी ६०५७’ या क्रमांकानं, जगात कुणालाही वाचता येईल अशा तांत्रिक दस्तऐवजात छापली. पद्धत सोपी होती. एखाद्या वस्तीची वर जाणारी वाट सलग पंधरा मिनिटं सत्तर टक्क्यांहून जास्त भरली, तरच कंपनी हात घालणार. तेव्हाही कोण काय पाठवतंय हे पाहायचं नाही. जो ग्राहक त्या पंधरा मिनिटांत स्वतःच्या हिश्शाच्या सत्तर टक्क्यांहून जास्त वापर करत असेल, त्याची पॅकेटं रांगेत थोडी मागे ठेवायची. वापर पन्नास टक्क्यांखाली आला की पुन्हा बरोबरीनं. मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कंपनीच्या जनसंपर्क विभागानं वर्षभर जे उत्तर दिलं नाही, ते तिच्या अभियंत्यांनी आकड्यांसकट लिहून दिलं.

फोनवरच्या पहिल्या माणसाबद्दल दोन शब्द, कारण सगळा राग त्याच्यावर निघतो. त्याच्यापुढे पडद्यावर ठरलेल्या प्रश्नांची यादी असते आणि यादीतलं पहिलं वाक्य जगभर एकच असतं: राऊटर बंद करून चालू करा. लोक याची टिंगल करतात, पण उपाय बऱ्याचदा लागू पडतो. राऊटर हा छोटासा संगणकच. आठवडेच्या आठवडे चालू राहून त्याची स्मृती कचऱ्यानं भरते, उघड्या जोडण्यांची यादी तुंबते. पुन्हा सुरू केल्यावर तो कोरा होतो, कंपनीकडून नवा पत्ता घेतो, वायफायचा कमी गर्दीचा चॅनल शोधतो. तोटा एवढाच, की दोष नेमका काय होता याचा पुरावाही त्याबरोबर पुसला जातो. दुखणं पंधरा दिवसांनी परत येतं आणि ग्राहकाची तक्रार पुन्हा नवी म्हणून नोंदली जाते.

त्या माणसाला दिसतं काय, हेही पाहायला हवं. आपल्याकडच्या फायबरच्या जोडणीत त्याला घरातल्या पेटीपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. उणे २७ डीबीएमच्या आसपास बहुतेक पेट्यांची ऐकण्याची हद्द संपते. आकडा उणे वीस असेल तर तो बेलाशक सांगणार, आमच्याकडून लाईन ओके आहे. पेटीच्या अलीकडे काय चाललंय ते त्याला बहुधा दिसत नाही. मुंबई-पुण्याच्या एखाद्या सोसायटीत भिंतीला भिंत लागून तीसेक वायफाय असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न अडणारे चॅनल फक्त तीन: १, ६ आणि ११. आतल्या खोलीत व्हिडिओ अडखळतो तो बहुतेकदा या गर्दीमुळे. ग्राहक म्हणतो नेट चालत नाही, कंपनी म्हणते चालतंय, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. केबलवाल्याचं उत्तर त्यामानानं मोकळं असतं: ‘वरूनच प्रॉब्लेम आहे.’ कुठल्या तरी रस्त्यावर जेसीबीनं फायबर तोडलेली असते, हे त्याला फोनवर फोन येऊन आपोआप कळलेलं असतं. देखरेखीच्या महागड्या यंत्रणेपेक्षा आधी.

चारचौघांत केलेल्या तक्रारीची गोष्ट निराळी. २००६ मध्ये कॉमकास्टचा एक तंत्रज्ञ ग्राहकाच्या घरी, आपल्याच कंपनीच्या कार्यालयाला फोन लावून ताटकळत असताना, सोफ्यावर झोपी गेला. ग्राहकानं त्याचं चित्रण जगाला दाखवलं. दोनेक वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच कंपनीच्या फ्रँक इलायझन यांनी ट्विटरवर ‘कॉमकास्ट केअर्स’ या नावानं लोकांच्या कुरकुरीला थेट उत्तरं द्यायला सुरुवात केली. नाव असलेला, माफी मागणारा, स्वतः पाठपुरावा करणारा माणूस भेटतो म्हटल्यावर ग्राहक हरखले. नियतकालिकांत त्यांचं कौतुक छापून आलं आणि बघता बघता जगभरच्या कंपन्यांनी अशी खाती उघडली. यातून एक दुहेरी व्यवस्था तयार झाली. हजारो लोकांसमोर ओरडणाऱ्याला काही मिनिटांत उत्तर. रांगेत मुकाट्यानं फोन धरून बसलेल्याला संगीत. आपल्याकडेही ‘कृपया आपला नंबर इनबॉक्समध्ये पाठवा’ हे वाक्य आता पाठ झालंय. त्यातला ‘इनबॉक्स’ महत्त्वाचा. उत्तर चारचौघांत दिसलं पाहिजे. तक्रारीचा तपशील मात्र दिसता कामा नये.

काही कंपन्या उत्तर देण्याऐवजी मोजपट्टीच बदलतात. २०१० च्या जून महिन्यात आयफोन ४ बाजारात आला. त्याची अँटेना म्हणजे फोनच्या कडेची स्टीलची पट्टी. डाव्या खालच्या कोपऱ्यातली फट हाताखाली आली, की सिग्नलच्या दांड्या सरसर उतरायच्या. तक्रारीच्या एका ईमेलला खुद्द स्टीव्ह जॉब्ज यांचं उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा की तसा धरू नका. २ जुलैला अॅपलनं जाहीर पत्र काढलं: आम्ही तपासलं तर काय, किती दांड्या दाखवायच्या त्याचं आमचं गणितच चुकीचं निघालं, अनेकदा दोन दांड्या जास्तच दाखवल्या जात होत्या. म्हणजे सिग्नल गेला नव्हता, तो मुळात नव्हताच! पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये दांड्यांचं गणित सुधारलं. अँटेना आहे तिथेच राहिली. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक-चाचण्या करणाऱ्या मासिकानं आपल्या प्रयोगशाळेत तपासून फोनची शिफारस करायला नकार दिला, तेव्हा कुठे १६ जुलैच्या पत्रकार परिषदेत सर्वांना फुकट कव्हर द्यायचं ठरलं. त्याच परिषदेत जॉब्ज यांनी एक आकडा पुढे केला: अँटेनाबद्दल कंपनीला फोन करणारे ग्राहक फक्त ०.५५ टक्के. आकडा बरोबर असेलही. पण कॉल तुटला म्हणून वैतागणारा माणूस दर वेळी कंपनीला फोन करतो, असं कुणी सांगितलं?

भारतात मोजपट्टीचं हे भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१५ साली बोलता बोलता तुटणाऱ्या कॉलनी लोक हैराण झाले होते. ट्रायनं, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकानं, त्या वर्षी मुंबई-दिल्लीच्या रस्त्यांवर गाड्या फिरवून चाचण्या घेतल्या. कंपन्यांचं उत्तर होतं: स्पेक्ट्रम अपुरा, टॉवर अपुरे, आणि टॉवर उभारू म्हटलं तर सोसायट्या किरणांच्या भीतीनं गच्ची देत नाहीत. ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्रायनं नियम काढला: १ जानेवारी २०१६ पासून तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे कंपनीनं ग्राहकाला एक रुपया द्यायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन, आणि चार तासांच्या आत तसा संदेशही पाठवायचा. रुपया म्हणजे चणे-फुटाणेच, पण तत्त्व नवं होतं. ग्राहकानं तक्रार करायचीच नाही. जाळ्यानं आपला दोष आपणच ओळखून भरपाई करायची.

११ मे २०१६ रोजी न्यायालयानं हा नियम मनमानी ठरवून रद्द केला. कंपन्यांचा युक्तिवाद दुहेरी होता. एक, ट्रायनंच दोन टक्क्यांपर्यंत कॉल तुटणं माफ केलंय. ती मर्यादा पाळणाऱ्यालाही दंड कसा? दोन, प्रत्येक कॉल आमच्याच चुकीनं तुटतो कशावरून? यातला दुसरा मुद्दा ट्रायच्याच तांत्रिक टिपणानं बळकट केला. सरासरी ३६.९ टक्के कॉल ग्राहकाच्या बाजूच्या कारणांनी तुटतात, असं त्यात लिहिलेलं होतं. नियामकानं दंडही लावला आणि सुटकेचा आकडाही स्वतःच पुरवला. बॅटरी संपते, माणूस लिफ्टमध्ये शिरतो, तळघरात उतरतो हे खरंच आहे. तरी उरलेल्या त्रेसष्ट टक्क्यांचं काय, हा प्रश्न त्या निकालानंतर कुणाच्याच दारात उभा राहिला नाही.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट चर्चेत आली, ‘रेडिओ लिंक टाइमआउट’. सिग्नल हरवल्यावर फोन आणि टॉवर यांनी किती वेळ वाट पाहून कॉल तुटला असं मानायचं, याची ही मुदत. ती कंपनीला लांबवता येते. लांबवली की कॉल तांत्रिकदृष्ट्या चालूच राहतो. ऐकू मात्र काही येत नाही. माणूस ‘हॅलो, हॅलो’ करून वैतागतो आणि स्वतःच फोन ठेवतो. कंपनीच्या वहीत त्याची नोंद होते, ग्राहकानं नेहमीप्रमाणे संपवलेला कॉल. तुटलेल्या कॉलचं प्रमाण सुधारतं. २०१७ मध्ये ट्रायनं मोजणीची पद्धत बदलली: साऱ्या परिमंडळाची एक सरासरी काढायचं सोडून, वाईट टॉवरांची आणि वाईट दिवसांची कामगिरी वेगळी दिसेल अशी. सरासरीत अख्खं कोकण दडपलं जाऊ शकतं, हे त्यामागचं साधं कारण.

वाचकाच्या उपयोगाचं म्हणून इथेच सांगून टाकतो. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार चालवत नाही. २०१२ च्या नियमांनुसार तक्रार कंपनीकडेच करायची आणि तिचा क्रमांक मागून घ्यायचा. समाधान झालं नाही तर तीस दिवसांत अपील, आणि त्याचा निकाल एकोणचाळीस दिवसांत. अपील ऐकणारा अधिकारीही कंपनीचाच असतो, म्हणून पुष्कळजण तिथवर जातच नाहीत. २००९ च्या एका निकालामुळे ग्राहक न्यायालयाचा रस्ताही बरीच वर्षं बंद झाल्यासारखा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मोकळा केला. २०२४ च्या नव्या नियमांत आणखी एक भर पडली: एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून जास्त बंद राहिली, तर पोस्टपेडच्या बिलात तेवढी सूट आणि प्रीपेडला तेवढी मुदतवाढ. नेट बंद पडणं असं मोजता येतं. ते रखडणं, अडखळणं मोजायला अवघड, आणि बहुतेक तक्रारी तर त्याच्याच असतात.

अडखळण्याचं सर्वांत बोलकं प्रकरण पुमा ६ या चिपचं. २०१० मध्ये इंटेलनं टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा केबल मोडेमच्या चिपांचा व्यवसाय विकत घेतला. त्यातून पुढे आलेली पुमा ६ ही चिप आरिस कंपनीच्या एसबी ६१९० या झगमगीत मोडेममध्ये, ब्रिटनमध्ये व्हर्जिन मीडियानं ग्राहकांना दिलेल्या हब ३ मध्ये आणि इतरही अनेक डब्यांत बसली. गतीच्या चाचणीत हे डबे उत्तम गुण मिळवायचे. पण व्हिडिओ गेम खेळणारी पोरं रडत होती. खेळ मधूनच गचका खायचा, नेम चुकायचा, आणि कंपनीला विचारलं तर गती पूर्ण मिळतेय, लाईन ओके.

२०१६ च्या अखेरीस काही चिकाटीच्या ग्राहकांनी सेकंदाला कितीतरी छोटी पॅकेटं पाठवून प्रत्येकाच्या फेरीचा वेळ आलेखावर मांडला. बहुतेक ठिपके दहा-वीस मिलिसेकंदांच्या सपाट रेषेवर. आणि दर काही क्षणांनी त्यातून वर उडालेले सुळके, दोनशे मिलिसेकंदांपर्यंतचे. सुळके इतके नियमित, की लाईनच्या बिघाडानं तसे येणारच नाहीत. बिघाड असा घड्याळ लावून येत नसतो. संशय गेला तो मोडेमच्या आतल्या प्रोसेसरवर. हा प्रोसेसर ठरावीक काळानं घरचं एखादं अग्रक्रमाचं काम उरकत असावा आणि तेवढा वेळ पॅकेटं दारात ताटकळत असावीत. गंमत अशी, की आरिसचंच आधीचं, स्वस्त मॉडेल, एसबी ६१८३, ब्रॉडकॉमच्या चिपवर चालायचं आणि त्यात हा दोष नव्हता. जास्त पैसे मोजणाऱ्यानं गचके विकत घेतले होते.

इंटेल आणि आरिस यांनी दोष मान्य करून दुरुस्तीचं फर्मवेअर आणतो म्हणून सांगितलं. २०१७ मध्ये अमेरिकेत आरिसवर सामूहिक दावाही दाखल झाला. फर्मवेअर हप्त्याहप्त्यानं आलं. आणि इथे ग्राहकांनी पुन्हा एक गोष्ट मोजून दाखवली. सुरुवातीच्या काही दुरुस्त्यांनंतर पिंगचे सुळके गायब झाले, पण खऱ्या वापरातल्या पॅकेटांचे तसेच राहिले. ते पुढच्या फेऱ्यांत हळूहळू कमी झाले. पिंग म्हणजे तक्रारदार ज्यानं मोजतो ते पॅकेट. आधी तेवढंच सुधारावं यामागे लबाडी होती की नुसता कामाचा क्रम, यावर बाहेरून पैज लावण्यात अर्थ नाही. दुसरी एक अडचण अशी, की केबल मोडेमचं फर्मवेअर ग्राहकाला स्वतः बदलता येत नाही. ते केबल कंपनी तिच्या सवडीनं पाठवते. म्हणजे दोष चिपवाल्याचा, डबा मोडेमवाल्याचा, दुरुस्ती केबलवाल्याच्या हातात आणि फोन उचलणारा चौथाच कुणी.

जिम गेटिस यांनी शोधलेला दोष याहून व्यापक होता आणि त्यात एका कंपनीकडे बोट दाखवायची सोयही नव्हती. गेटिस म्हणजे एक्स विंडो प्रणालीच्या निर्मात्यांपैकी एक, त्या वेळी बेल लॅब्जमध्ये. २०१० मध्ये घरून एमआयटीच्या संगणकावर मोठाल्या फाइली पाठवताना त्यांनी पाहिलं, की एरवी दहा मिलिसेकंदांत होणारी पॅकेटची फेरी एका सेकंदाहून जास्त वेळ घेतेय. घरातली मंडळी तर नेट मंद असल्याची कुरकुर केव्हाचीच करत होती. हे स्वतः कॉमकास्टचे ग्राहक, आणि कॉमकास्टच्या अभियंत्यांशी त्यांची ओळख. फोनवरची प्रश्नांची यादी ओलांडून ते थेट त्यांच्याशी जेवणाच्या टेबलावर बोलले आणि तिथे त्यांना धागा मिळाला.

कारण असं. मोडेममध्ये पॅकेटांना तात्पुरतं थांबायला जागा असते, तिला बफर म्हणतात. स्मृतीच्या चिपा स्वस्त झाल्या, तशी उत्पादकांनी ही जागा वाढवत नेली. एकही पॅकेट हरवू नये असा त्यांचा सद्हेतू. पण टीसीपीला पॅकेट हरवलं तरच कळतं की वाट तुंबलीय, आता हळू चालावं. जागा ऐसपैस असल्यानं काही हरवतच नाही, म्हणून पाठवणारा वेग कमी करत नाही आणि रांग फुगत जाते. साधा हिशेब करा. बफर २५६ किलोबाइटचा आणि वर जाणारी गती सेकंदाला एक मेगाबिट असेल, तर भरलेली रांग रिकामी व्हायला दोन सेकंद लागतात. एकानं लग्नाचा व्हिडिओ वर चढवायला घेतला, की शेजारच्या खोलीतल्या कॉलचं प्रत्येक पॅकेट त्या दोन सेकंदांच्या रांगेत. लाईन ओके, गती पूर्ण, पॅकेट एकही हरवलेलं नाही. कंपनीच्या तीनही खणांत हिरवी खूण आणि माणसाला समोरच्याचा शब्द दोन सेकंद उशिरा ऐकू येतोय. गेटिस यांनी या रोगाला ‘बफरब्लोट’ नाव दिलं.

औषध बाहेरून आलं. कॅथलीन निकल्स आणि टीसीपीला १९८० च्या दशकात कोलमडण्यापासून वाचवणारे व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही रीत मांडली: रांगेची लांबी मोजू नका, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजा, आणि थांबणं वाढलं की मुद्दाम एखादं पॅकेट टाकून द्या. त्याच वर्षी एरिक दुमाझे यांनी तिला लिनक्समध्ये बसवलं. डेव्ह टाट आणि इतर स्वयंसेवकांनी ती घरगुती राऊटरांवर चालवून, घासून-पुसून घेतली. केबलच्या जगात सिस्कोची ‘पाय’ नावाची तशीच रीत स्वीकारली गेली आणि २०१३ च्या नव्या केबल-मानकात ती मोडेमना सक्तीची झाली.

मानकात असणं आणि घरात चालू असणं यांत काही वर्षं जातात. कोविडच्या काळात सगळं जग घरून व्हिडिओ कॉल करू लागलं, तेव्हा कॉमकास्टच्या हाती एक आयती तुलना लागली. तिनं ग्राहकांना दिलेल्या एकाच पिढीच्या डब्याचे दोन वेगवेगळ्या उत्पादकांनी बनवलेले प्रकार होते. एकात ‘पाय’ चालू होतं, दुसऱ्यात नव्हतं. घरं तशीच, प्लॅन तेच, जाळं तेच. २०२१ मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी मोजमापं प्रसिद्ध केली. वरची वाट भरलेली असताना पहिल्या प्रकारात पॅकेटची फेरी साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत, दुसऱ्यात २५० च्या आसपास. त्याच वर्षी अॅपलनं आपल्या मॅक संगणकांत भरलेल्या वाटेवरचा हा उशीर मोजणारी सोय घातली, आणि पुढच्या वर्षी उकलाच्या स्पीडटेस्टमध्येही तो आकडा दिसू लागला. तोवर दोन्ही प्रकारच्या डब्यांवर गतीची चाचणी जवळपास सारखेच गुण देत होती. कुणाच्या घरी कुठला डबा आला, हे त्या-त्या दिवशी गोदामात काय शिल्लक होतं यावर ठरलं असणार. दुसरा डबा मिळालेल्यांनी व्हिडिओ अडखळतो म्हणून फोन केला असेल, तर त्यांनाही राऊटर बंद करून चालू करायलाच सांगितलं गेलं असेल.